रशीद उस्तादांनी थांबवलेला बकरा

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता नगरपालिकेच्या दोन माणसांनी कत्तलखान्याच्या फाटकाला कुलूप लावलं. कुलपाला कापड गुंडाळलं आणि त्यावर लाख ओतली. पंचनाम्यावर तीन सह्या झाल्या. तिसरी सही माझी होती. त्यानंतर सातव्या आठवड्यात रशीद उस्ताद वारले.

मी त्या नगरपालिकेत पशुवैद्यकीय अधिकारी होतो. गावाचं नाव लिहीत नाही. जळगाव आणि धुळे यांच्या मधल्या पट्ट्यातलं ते कुठलंही गाव असू शकेल. माझं काम मांस तपासण्याचं. हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे तुम्ही काय, मटण चाखून बघता का?" चाळीसगावच्या एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थांनी माझा हुद्दा कळल्यावर पाट थोडा सरकवून घेतला होता. जेवण मटणाचंच होतं.

तर काम काय ते सांगतो. बकरे, मेंढ्या आदल्या दिवशी आवारात आणायचे. त्यांना पाणी आणि विसावा द्यायचा. सकाळी मी एक फेरी मारायचो. कोण कळप सोडून एकटं उभं आहे, कोणाचे कान पडलेत, कोण रवंथ करत नाही, एवढंच बघायचं. शंका आली तर ते जनावर बाजूला. ही पहिली तपासणी, जिवंतपणीची. दुसरी कापल्यानंतरची. सोललेलं जनावर आकड्याला टांगलेलं असतं आणि त्याची कलेजी, फुफ्फुसं, तिल्ली हे सगळं त्याच्या अंगालाच लोंबत ठेवायचं असतं. रोग मांसावर क्वचित दिसतो, तो या अवयवांत दिसतो. कलेजीच्या नळीला छेद दिला की कधी पानासारखे चपटे कृमी बाहेर येतात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी लागतात. ते बघून झालं की मांडीवर आणि खांद्यावर जांभळ्या शाईचा शिक्का. अवयव एकदा काढून टोपलीत टाकले, की कुठली कलेजी कुठल्या जनावराची हे देवालाही सांगता येणार नाही, आणि मग शिक्क्याला काही अर्थ उरत नाही.

हा नियम पुस्तकात आहे, पण आमच्याकडे तो पाळला जायचा तो रशीद उस्तादांमुळे. ते तिथले सगळ्यात जुने कसाई. उंच, शिडशिडीत, कमी बोलणारे. आयुष्यभर खेड्यांच्या बाजारांतून जनावरं घेत फिरल्यामुळे त्यांच्या तोंडी खानदेशी बसलेली होती. एखाद्या दुकानदारानं घाईघाईनं कलेजीला हात घातला की ते सुरीची मूठ ओट्यावर आपटायचे. "साहेब येतस नही तवलगून हात लावानं नही."

मी रुजू झालो तेव्हा माझ्या पिशवीत कॉलेजचं जाडं पुस्तक होतं. पहिल्या दिवशी मांडीच्या आतली एक गाठ मला काही केल्या सापडेना. सगळे बघत होते. उस्तादांनी माझं बोट धरलं आणि जागेवर नेऊन ठेवलं.

"आठे. पुस्तकमा काय नाव शे त्यानं?"

मी लॅटिन नाव सांगितलं.

"नाव चांगलं शे," ते म्हणाले. "पन गाठ आठेच ऱ्हास."

त्या दिवसापासून मी त्यांना उस्ताद म्हणू लागलो. ते मला साहेब म्हणत राहिले. साहेब म्हणू नका, असं मी पुष्कळदा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.

माझे आजोबा जामनेरकडच्या एका खेड्यात गावची मेलेली ढोरं ओढत. वडिलांनी ते काम सोडलं, धम्माची दीक्षा घेतली, दीपनगरच्या वीजकेंद्रात मजुरी केली आणि पत्र्याच्या खोलीत माझ्यासाठी पुस्तकांची फळी ठोकली. मी शिकलो आणि फिरून जनावरांच्या देहांपाशीच येऊन उभा राहिलो, फक्त पांढरा कोट घालून. वडिलांना याचं वाईट वाटेल असं मला वाटायचं. एकदा ते कत्तलखाना बघायला आले. उस्तादांनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तुमना पोऱ्यानं बोट लावं, तं तेच मटन गावमा जास. नही तं नही." वडील घरी येताना म्हणाले, "चांगलं काम आहे. मन लावून कर."

मी मन लावून केलं, असं आजवर म्हणत आलो. त्यात किती खरं, ते पुढे येईल.

शिक्क्यावर गावाचा फार विश्वास होता. नाना नावाचे एक निवृत्त मुख्याध्यापक दर रविवारी दुकानात येऊन जांभळ्या शाईचाच तुकडा मागायचे. दुकानदार इक्बाल हात जोडायचा. "नाना, एका बकऱ्यावर शिक्के चार आणि गिऱ्हाइकं चाळीस. मी काय करू?" नाना म्हणायचे, "ते मला सांगू नको. घरी दाखवावं लागतं." शिक्क्याचा तुकडा घरी नेऊन आधी बायकोला दाखवायचा आणि मगच तो चुलीवर चढायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. मी तेव्हा हसायचो. आता हसू येत नाही.

कत्तलखान्याच्या मागे नवी वसाहत झाली. बंगले आले आणि त्यामागून वासाच्या तक्रारी आल्या. वास येत होता हे खरं आहे. पण तो कत्तलखान्याचा नव्हता, त्याच्या तुंबलेल्या गटाराचा होता. ते गटार साफ करा, पाण्याची टाकी मोठी करा, जाळी बसवा, अशी पत्रं मी वर्षानुवर्षं देत होतो. एकाही पत्राला उत्तर आलं नाही. वसाहतीच्या एका अर्जाला पंधरा दिवसांत आलं. गटार उपसायला दोन दिवस लागले असते. त्याऐवजी कुलूप लावलं आणि फाटकावर 'नियोजित आधुनिक कत्तलखाना' असा फलक टांगला. त्या फलकाचा रंग अजून चांगला आहे, कारण त्याच्याजवळ कधी कोणी फिरकलंच नाही.

कत्तलखाना बंद झाला म्हणून गावानं मटण खाणं बंद केलं नाही. मी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, आता जनावरं कापायची कुठे?

"ते त्यांचं ते बघतील. तुम्ही दुकानात जाऊन शिक्का मारा. काम तेच, जागा वेगळी."

"साहेब, मी दुकानात जाईपर्यंत कलेजी, तिल्ली सगळं काढलेलं असतं. मी बघू काय?"

"मांस बघा."

"मांसात दिसत नाही, साहेब."

"डॉक्टर," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "लोकांना शिक्का दिसला पाहिजे. नाहीतर आठ दिवसांत दुसरा अर्ज येईल."

मी दुकानांत जाऊन शिक्के मारले. सहा आठवडे, रोज. कोणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. मी फक्त वाद घालण्याच्या स्वभावाचा नव्हतो, आणि घरी जाऊन पुस्तक उघडलं की दिवस विसरता यायचा.

दुकानदार आता नाल्याकाठी, इक्बालच्या दुकानामागच्या उघड्या जागेत जनावरं कापून घेत. कापायला उस्तादच. तिथे नळ नव्हता. एक दिवस मी शाईचा डबा घेऊन पोचलो तेव्हा ते हात पुसत उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, पोस्टमा बी असाच शिक्का मारतस. पाकिटमा काय शे ते कोनी पाहत नही."

इक्बाल मोठ्यानं हसला. उस्ताद हसले नाहीत. मी शिक्का मारला आणि निघालो.

सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी इक्बालनं एक बकरा रिक्षातून आणला. खेड्यातल्या एका कळपातली तीन जनावरं त्या आठवड्यात मेली होती आणि मालकानं चौथं विकून टाकलं होतं, हे मागाहून कळलं. कत्तलखाना चालू असता तर तो बकरा आदल्या दिवशी आवारात आला असता. सकाळच्या फेरीत मी त्याला पाहिलं असतं, नाहीतर तो तिथेच मेला असता. इथे तो रिक्षातून उतरला तो पाय बांधलेलाच. संध्याकाळी गावात एका घरी साखरपुड्याचं जेवण होतं आणि इक्बालला घाई होती.

उस्तादांनी बकरा कापला. रक्त काळपट आलं, पातळ आलं आणि वाहतच राहिलं, गोठेना. उस्तादांनी सुरी खाली ठेवली.

पुढचं इक्बालनंच मला सांगितलं. तो त्यांना म्हणाला, "उस्ताद, गर्मीनं होतं असं कधीकधी. सोला लवकर."

"गर्मीनं रगत दाट होस. पातळ नही. हाई जनावर कोनी खावानं नही."

"अहो, लोक जेवायला बसतील संध्याकाळी!"

"तं बसू दे. वरन-भात खातीन."

उस्तादांनी मेलेल्या बकऱ्यावर गोणपाट टाकलं, पालथ्या क्रेटवर बसले आणि मला फोन केला. मी तेव्हा नगरपालिकेच्या सभागृहात होतो. बैठक स्वच्छता स्पर्धेची होती. भिंतींवर कोणती चित्रं काढायची यावर चर्चा चालली होती आणि माझा फोन खिशात मुका पडला होता. मी तो दोन तासांनी पाहिला. ते दोन तास उस्ताद उन्हात बसून होते. एका हातात कुत्र्यांसाठी काठी. इक्बालनं दोनदा गोणपाट उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा काठी त्याच्याकडेही वळली.

तिथे पोचून मी बकऱ्याच्या कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि जनावरांच्या दवाखान्यात येऊन, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बांबूच्या पेरांसारख्या जोडलेल्या निळ्या काड्या, भोवती गुलाबी कड. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स. खेड्यात याला काळपुळी म्हणतात, जनावरांतून माणसांत येते. पुस्तकात ते चित्र मी पुष्कळदा पाहिलं होतं, प्रत्यक्ष पहिल्यांदाच. त्या दिवशी साखरपुड्याला वरणभात झाला. मुलीकडचे रुसले म्हणे. आपण काय खाल्लं नाही ते त्यांतल्या कोणालाच अजून माहीत नाही.

उस्ताद, इक्बाल आणि मी, आम्ही तिघांनीच नाल्यापलीकडच्या पडीक जागेत पुरुषभर खड्डा खणला, बकरा न उघडता, आजूबाजूच्या रक्ताळलेल्या मातीसकट चुन्यात पुरला. सगळं झाल्यावर मी उस्तादांचे हात पाहिले. उजव्या अंगठ्याजवळ हाड लागून पडलेली जुनी, न भरलेली चीर होती.

"हात कशानं धुतले?"

"इक्बालना पानीना जगमाईन. एक तांब्या व्हतं."

मी सांगितलं, फोड आला तर त्याच दिवशी मला दाखवा. तेव्हाच त्यांना औषध चालू करायला दवाखान्यात न्यायला हवं होतं. ते मला ठाऊक होतं. मी थकलो होतो आणि अहवाल लिहायचा होता.

शनिवारी ते माझ्या कचेरीत आले. अंगठ्याखाली फोड, मधोमध काळा ठिपका, भोवती सूज. "दुखत नही, साहेब," ते म्हणाले. "दुखत नही तं काय रोग?" न दुखणं हीच त्या रोगाची खूण आहे. मी लगेच चिठ्ठी लिहिली. रुग्ण फाशीची लागण झालेल्या जनावराच्या संपर्कात आलेला आहे, काचपट्टी माझ्याकडे आहे, पेनिसिलिन तात्काळ सुरू करावं. खाली सही, हुद्दा, शिक्का. त्या दिवशी स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. मी चिठ्ठी घडी करून त्यांच्या हातात दिली आणि सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. ते एकटे गेले.

माझ्या पाठीमागच्या कपाटात पेनिसिलिन होतं. बैलांसाठी आणलेलं. माणसाला टोचण्याचा मला अधिकार नाही, आणि मी नियम मोडणारा माणूस नाही. हे वाक्य मी त्या कपाटाकडे बघत पुष्कळ वेळा म्हटलं आहे.

दवाखान्यात जो कोणी खुर्चीवर होता त्यानं चिठ्ठी वाचली आणि शेजारच्याला दाखवली. "जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी! चाचा, तुम्हाला काय शिंगं फुटली का?" त्यांना मलम दिलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दुखत नव्हतंच. चिठ्ठी परत दिली.

रविवार गेला, सोमवार गेला. मी समजून चाललो की इंजेक्शनं सुरू आहेत. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा सूज दंडापर्यंत चढली होती आणि त्यांना ताप होता.

"किती इंजेक्शनं झाली?"

ते छताकडे बघत राहिले. त्यांची बायको हमीदाआपा म्हणाली, "कुठली इंजेक्शनं, डॉक्टरभाऊ? मलम दिलं."

"उस्ताद, मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

मग म्हणाले, "तुमनी चिठ्ठीले त्या हसनात. तुम्हले कसं सांगू?"

मला वाईट वाटेल म्हणून तीन दिवस ते गप्प राहिले होते.

त्याच तासाला गाडी करून आम्ही त्यांना धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझं सगळं म्हणणं उभ्या उभ्या ऐकून घेतलं, काचपट्टी पाहिली आणि उपचार सुरू केले. विष रक्तात गेलं होतं. बुधवारी दुपारी ते वारले.

आठ दिवसांनी मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. टेबलावर अहवाल टाईप होऊन तयार होता. 'मयत इसम अनधिकृत ठिकाणी, कोणतीही खबरदारी न घेता, विनापरवाना कत्तल करीत असताना स्वतःच्या निष्काळजीपणामुळे बाधित झाला.'

"अनधिकृत ठिकाणी?" मी म्हणालो. "साहेब, त्याच ठिकाणच्या मांसावर मी तुमच्या हुकुमानं रोज शिक्का मारत होतो."

"म्हणूनच तुमचं नाव यात कुठे येऊ दिलेलं नाही. वाचून बघा."

"त्यांनी बकरा थांबवला. साखरपुड्याचं अख्खं घर जेवलं असतं. ते कुठे आहे यात?"

"न घडलेल्या गोष्टी अहवालात लिहीत नाहीत, डॉक्टर."

मी आवाज चढवणारा माणूस नाही. तेव्हाही चढवला नाही. आज वाटतं, चढवायला हवा होता. ज्या माणसानं दोन तास उन्हात बसून गावाचं काम केलं, जे काम पगार घेऊन करायला नेमलेला मी भिंतीवरच्या चित्रांच्या बैठकीत बसलो होतो, त्या माणसाला नगरपालिकेनं निष्काळजी म्हटलं. गटार ज्यांनी उपसलं नाही ते निष्काळजी नव्हते. नळ नसलेल्या जागी कापायला ज्यांनी लावलं ते नव्हते. चिठ्ठीला हसणारा नव्हता. चिठ्ठी लिहून मोकळा झालेला मीही नव्हतो. पुऱ्या साखळीत एकाच माणसानं काळजी घेतली आणि तोच निष्काळजी ठरला.

मी सही केली नाही. घरी जाऊन चार पानं लिहिली, शिक्क्यांसकट, कपाटातल्या पेनिसिलिनसकट, आणि आवक खिडकीत देऊन पोच घेतली. ती पानं फाइलला लागली नाहीत. माझ्या सहीची जागा मोकळी ठेवून अहवाल पुढे गेला. शिक्का मारायला मी नकार दिला, तेव्हा मला ज्ञापन आलं आणि निवृत्त होईपर्यंत मोकाट कुत्र्यांचं काम दिलं गेलं. शिक्का आता आरोग्य विभागाचा एक शिपाई मारतो. मध्यंतरी नाना रस्त्यात भेटले. "डॉक्टर, शिक्का रोज दिसतो, तुम्हीच दिसत नाही," म्हणाले. मी त्यांना थांबवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आता घरी काय दाखवू?"

चाळिसावं झाल्यावर हमीदाआपानं मला बोलावून घेतलं होतं. उस्तादांच्या सदऱ्याच्या खिशात तिला माझी चिठ्ठी सापडली होती, चार घड्यांची. "तुमचं लिहिलेलं आहे, तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. मला काही म्हणाली नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

फाशीचे जंतू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. खड्ड्याभोवती तारेचं कुंपण घाला आणि फलक लावा, असं मी त्या चार पानांत लिहिलं होतं. नगरपालिकेनं ते केलं नाही, कारण फलक लावायचा तर बकरा मान्य करावा लागतो. मी आणि इक्बालनं मिळून दगड रचले, बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. इक्बालनं ते दुकान आता सोडलं आहे. नाल्यापलीकडे प्लॉट पडू लागले आहेत. महिन्यातून एकदा मी बस पकडून तिथे जातो, दगड मोजतो, कोणी उकरलं नाही ना ते बघतो आणि परत येतो.

कुलपावरची लाख गळून गेली आहे. कुलूप आहे. गटार तुंबलेलं आहे. चिठ्ठी माझ्याकडे आहे. खड्डा कुठे आहे ते दोन माणसांना माहीत आहे.